बोडोनी वापरायचाय? आधी बारीक रेघांचं बघा

'जरा क्लासी दिसू दे' म्हणून मथळ्याला बोडोनी हा इंग्रजी फॉन्ट लावायचा आणि छापून आल्यावर निम्म्या रेघा गायब झाल्या म्हणून प्रेसवाल्याशी भांडायचं, हे नेहमीचंच. बहुतेक वेळा प्रेसवाला निर्दोष असतो.

1768 पासून पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळणाऱ्या जांबातिस्ता बोडोनीची ही अक्षरं. उभे दांडे जाडजूड, आडव्या रेघा आणि सेरिफ (अक्षराच्या टोकांना असलेल्या छोट्या रेघा) केसाएवढ्या. बोडोनीची पानं उठून दिसायची त्यात चांगला कागद आणि ऐसपैस समास यांचाही वाटा होता. तेव्हा गिचमिडीत हा फॉन्ट कोंबू नका. मासिकाचं नाव, मथळा, पत्रिकेवरची दोन नावं, एवढ्यापुरता ठेवा. परिच्छेद दुसऱ्या फॉन्टमध्ये लावा.

आता खरी मेख. बरेच दिवस मीही इथेच अडायचो. धातूच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या जमान्यात प्रत्येक आकाराचा टाइप वेगळा कोरला जायचा आणि छोट्या टाइपात बारीक रेघा मुद्दाम थोड्या जाड ठेवता यायच्या. संगणकावर आपण मथळ्यासाठी काढलेलं अक्षरच दाबून 9 पॉइंटला आणतो. मग इंग्रजी e मधली आडवी रेघ उडते आणि उरतो c. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'बोल्ड कर'. साफ चूक. बोल्डमध्ये फुगतात ते मुख्यतः दांडे. बारीक रेघ जवळपास तेवढीच राहते, म्हणजे फरक आणखी वाढतो. अक्षराला वरून स्ट्रोक (कडेने जादा रेघ) देणं तर त्याहून वाईट, टोकदार सांधे बोथट होतात.

उपाय एकच: आकाराप्रमाणे कट, म्हणजे त्या आकारासाठी काढलेली आवृत्ती, निवडा. 1994 च्या आयटीसी बोडोनीत 6, 12 आणि 72 पॉइंटसाठी वेगवेगळी अक्षरं काढलेली आहेत. फुकट हवा असेल तर बोडोनी मोडा घ्या. त्यात 'ऑप्टिकल साइझ' 6 ते 96 पर्यंत सरकवता येतो. सॉफ्टवेअर तो आपोआप लावेल असं गृहीत धरू नका, आकडा स्वतः बघा. उलटही करू नका: 6 चा कट पोस्टरवर ओबडधोबड दिसतो.

रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं हवीत? चार शाईंची पट्टी असेल तर नकोच. रजिस्ट्रेशन, म्हणजे शाया एकमेकींवर नेमक्या बसणं, किंचित हललं तरी रेघ बुजते. एकाच शाईची पट्टी घ्या आणि अक्षर मोठं करा.

कॅपिटल अक्षरांत थोडी जागा सोडा.

शेजारी मराठी मथळा असेल तर रोझा वन हा फॉन्ट बघा. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि जाड-बारीक फरक ठसठशीत आहे. मात्र तोही मोठ्या आकारातच शोभतो.

स्क्रीनवर दोनशे टक्के मोठं करून खूश होऊ नका. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, खऱ्या आकारात प्रूफ काढून बघा आणि प्रेसला पीडीएफच द्या, जेपीजी नको.