व्हॅलेन्सियाचा पगार सोलापुरात बसून कसा मोजावा

लेकीला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातून वर्षाला 24,000 युरोची ऑफर आली, तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात सगळ्यांनी आधी त्याचे रुपये केले. शेजारच्या काकूंनी पेढे मागितले. मी तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढलेला माणूस, तरी चुकलोच. आता कुणाचं पोर तिकडे निघालं की आईवडील मला फोन करतात, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी रुपयांचा गुणाकार थांबवा. ऑफरमधला आकडा कपातीच्या आधीचा असतो, त्याला तिकडे ‘ब्रूतो’ म्हणतात. त्यातून सामाजिक सुरक्षेचे साधारण साडेसहा टक्के जातात, वर प्राप्तिकर. एकट्या माणसाच्या हातात 24,000 पैकी 19,400 च्या आसपास उरतात.

मग कंपनीला विचारा, पगार 12 हप्त्यांत की 14? स्पेनमध्ये 14 हप्त्यांची पद्धत सर्रास आहे. जादाचे दोन उन्हाळ्यात आणि नाताळला मिळतात. तो बोनस नव्हे, आपलाच पगार मागे ठेवलेला असतो. 12 हप्ते असतील तर महिन्याला 1,600 पडतात, 14 असतील तर 1,400 सुद्धा नाहीत. आम्ही 1,600 धरून बसलो आणि लेकीचे निघाले 14. पहिले काही महिने मी रोज विचारलं तरी तिने ‘सगळं ठीक आहे बाबा’ एवढंच सांगितलं. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

खरा खर्च घरभाड्याचा. चौघांच्या फ्लॅटमधली एक खोली साधारण 400 ते 500 युरोला मिळते. स्वतंत्र घर हजाराच्या आसपास किंवा वर, म्हणजे या पगारात तो विचार सोडा. रुसाफा भाग दिसायला छान पण महाग. विद्यापीठांजवळचा ‘बेनिमाक्लेत’ भाग बघा. कायद्याने एक महिन्याचं डिपॉझिट, त्यावर मालक आणखी दोन महिन्यांपर्यंतची हमी मागू शकतो. राहत्या घराच्या करारात एजंटची फी 2023 पासून मालकाने भरायची आहे. पैसे देण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवू द्याल ना? त्याला ‘एम्पाद्रोनामिएन्तो’ म्हणतात, आणि पुढची बरीच कागदपत्रं त्यावर अडतात.

पहिला पगार होईपर्यंत जवळ निदान 3,000 युरो हवेत. कर्ज काढून द्यावे लागले तरी द्या, पण पोराला त्याहून कमी पैशांत विमानात बसवू नका.

घरी रांधलं तर जेवण महिना 200-250 मध्ये भागतं. व्हॅलेन्सियाची माणसं सकाळच्या न्याहारीला शेंगदाणे खातात, त्यामुळे दाणे मुबलक. लेक तिथेच चटणी कुटते. ज्वारीचं पीठ मात्र इथून न्यावं. 1957 च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराबाहेर वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. तिथून सायकलने ऑफिस गाठता येतं, बसचे पैसे वाचतात.

बऱ्याच जुन्या घरांत हीटरची सोय नसते आणि हवा दमट, त्यामुळे जानेवारीत घरातच हुडहुडी भरते. बॅगेत दोन सोलापुरी चादरी घालाच.

नवरा-बायको जाणार आणि कमावणारं एकच, तर 35,000 च्या खाली मी होकार देऊ देणार नाही.