गॅस नव्हे, व्हॉल्व्ह गेला होता

कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर अखंड चालू, पण थंडावा नाही. सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरात येणाऱ्या गॅसचा दाब) चढलेलं, डिस्चार्ज (बाहेर जाणाऱ्या गॅसचा दाब) उतरलेलं, अँपिअरही कमी. गॅस कमी असता तर सक्शनही पडलं असतं, म्हणून गॅस भरायच्या सिलिंडरला हात लावला नाही. (मोह झाला होता!)

सक्शन सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद करून पंप-डाउन केलं, म्हणजे येणारा गॅस अडवून कॉम्प्रेसर चालवला. सक्शन गेजचा काटा व्हॅक्यूमकडे जाईचना. मशीन थांबवताच सरसर वर. तेलातला गॅस सुटूनही काटा थोडा चढतो, म्हणून 3 वेळा करून पाहिलं. तेच. म्हणजे कॉम्प्रेसरातला व्हॉल्व्ह गळत होता.

गॅस काढून हेड उघडलं. डिस्चार्ज रीडचा (दाबलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या पातळ पट्टीचा) नखाएवढा तुकडा उडालेला. व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट बदलले. पण रीड तुटला कशानं? एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा (कॉइलमध्ये द्रव गॅस किती सोडायचा ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) तापमान ओळखणारा बल्ब सक्शन पाइपवरून सुटून लोंबत होता; त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त उघडा राहून द्रव गॅस थेट कॉम्प्रेसरात येत होता. बल्ब पट्टीने आवळला, मगच मशीन सुरू केलं.