फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? त्याच्या जागी बल्ब लावून बघा

फ्यूज उडला की नवा घालायचा, तोही उडला की जरा मोठा घालायचा. गाडीची वायरिंग जळते ती बहुतेक याच सवयीने. फ्यूज असतो तो वायर वाचवण्यासाठी, बल्ब किंवा मोटर वाचवण्यासाठी नाही. 10 अँपियरच्या जागी 20 चा घातला तर फ्यूज टिकेल, पण मग डॅशबोर्डच्या मागे वायरच फ्यूजचं काम करायला लागेल. फॉइलचा तुकडा अडकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

सुरुवात फ्यूज खरंच उडलाय का, इथून करा. बहुतेक गाड्यांत एक फ्यूजबॉक्स डॅशबोर्डखाली आणि एक बॉनेटखाली असतो. कोणता फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पात्यांच्या नेहमीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 25 पारदर्शक, 30 हिरवा. फ्यूज उपसून बघण्याचीही गरज नाही. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पची (एका टोकाला क्लिप, दुसऱ्याला टोकदार सुई असलेला तपासणीचा छोटा दिवा) क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा, इग्निशन चालू करा आणि टोक दोन्ही ठिपक्यांवर टेकवा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज ठीक. एकीकडेच लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर त्या फ्यूजपर्यंत सप्लायच आलेला नाही; दोष रिले (विजेवर चालणारा स्विच), साधा स्विच किंवा मागच्या मोठ्या फ्यूजमध्ये शोधा.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून बघा. आतली पट्टी पार नाहीशी झालेली, प्लास्टिकवर काळपट डाग किंवा चंदेरी शिंतोडे दिसले तर तो थेट शॉर्ट: प्लसची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. पट्टी मधोमध हलकेच वितळून तुटली असेल आणि प्लास्टिक स्वच्छ असेल, तर करंट थोडाच जास्त पण बराच वेळ वाहिला. अशा वेळी जड झालेल्या मोटरवर संशय घ्या. फ्यूज आकड्यावर लगेच उडत नाही. दुप्पट करंट वाहिला तरी त्याला काही सेकंद लागू शकतात.

आता सर्वांत कामाचा प्रश्न: फ्यूज उडतो कधी? सगळी बटणं बंद असताना नवा फ्यूज बसवताच उडाला, तर दोष फ्यूज आणि स्विच यांच्यामधल्या वायरमध्ये. ब्रेक दाबल्यावर किंवा रिव्हर्स टाकल्यावरच उडाला, तर स्विचच्या पुढे. वळणावर किंवा खड्ड्यात उडत असेल, तर एखादी वायर कशावर तरी घासते आहे. वायपर चालू केल्यावर मिनिटभराने उडत असेल, तर लिंकेज (मोटर आणि वायपर जोडणारे दांडे) किंवा मोटर जाम होते आहे. तिथे शॉर्ट शोधत बसू नका, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून मोटर किती खेचते ते बघा.

शॉर्ट शोधताना दर वेळी एक फ्यूज बळी देणं मूर्खपणाचं आहे. गाडीचा एक 21 वॅटचा साधा बल्ब घ्या, तो होल्डरमध्ये बसवा आणि होल्डरच्या दोन वायरी जुन्या उडालेल्या फ्यूजच्या पायांना सोल्डर करा. हा जुगाड फ्यूजच्या जागी बसवला की कितीही शॉर्ट असला तरी सर्किटमधून दोन अँपियरच्या आतच करंट जातो, म्हणजे वायर तापत नाही. बल्ब मात्र चांगलाच तापतो, त्याला सीटवर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका.

इथे एक चूक हमखास होते. समजा ब्रेक लाइटचा 10 चा फ्यूज पेडल दाबताच उडतो. मागचे दोन 21 वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपियरच खातात, म्हणजे ओव्हरलोडचा प्रश्न नाही, शॉर्टच आहे. आता ब्रेकचे बल्ब जागेवर ठेवूनच जुगाड लावला, तर शॉर्ट नसतानाही तो झगझगीत पेटेल, कारण थंड बल्बचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली असतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वायर जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून तपासणारेही इथेच फसतात. मीटर पिंऽऽ करतो आणि चांगल्या वायरवर आळ येतो. म्हणून आधी त्या फ्यूजवरचं सगळं सुटं करा: ब्रेकचे सगळे बल्ब काढा, तिसऱ्या ब्रेक लाइटचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. त्याच फ्यूजवर आणखी काही असेल तर तेही.

मग कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा. जुगाडाचा बल्ब विझलेलाच राहिला, तर वायरिंग ठीक आहे. काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावताना लक्ष ठेवा, शॉर्ट त्यांतल्याच एकीत आहे. दोन फिलामेंटचा चुकीचा बल्ब किंवा वितळलेला होल्डर बऱ्याचदा सापडतो. बल्ब पेटला, तर हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) कपलर एकेक सोडवत जा. ज्या कपलरला बल्ब विझला, त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष. डिकीचा कपलर काढताच विझला, तर बिजागरीजवळचा रबरी पाइप मागे सरकवून आतल्या वायरी बोटांनी वाकवून बघा. रोजच्या उघडझापीने तिथे इन्सुलेशनला गोल चीर पडते आणि तांबं पत्र्याला लागतं. दारांच्या बिजागरीतही हेच होतं. बाकी ठराविक जागा म्हणजे नंतर बसवलेला स्टिरिओ, ट्रेलरची वायर, एक्झॉस्टजवळून गेलेला हार्नेस, उंदरांनी कुरतडलेला भाग आणि लायटर सॉकेट. त्यात नाणं पडलेलं असणं ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही. दोष येऊन-जाऊन असेल, तर बल्ब तसाच लावून हार्नेस टप्प्याटप्प्याने हलवा. चमकला की तिथेच थांबा.

पिवळ्या कपलरच्या एअरबॅगच्या वायरींना टेस्ट लॅम्प अजिबात लावायचा नाही, इंजिन कंट्रोल युनिटच्या वायरींनाही नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबलना हातही लावू नका.

वायर दुरुस्त करताना बॅटरीची मायनस आधी काढा. बिजागरीतल्या चिरलेल्या वायरवर नुसती टेप गुंडाळली तर महिनाभरात पुन्हा तेच. खराब तुकडा कापून त्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर टाका. जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्या, आणि अनेक वायरी असतील तर ते एकाच रांगेत न येता मागे-पुढे येऊ द्या. सोल्डर किंवा क्रिम्प (दाबून बसवायचा जोड), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). शेवटी सगळे बल्ब बसवा, मूळ आकड्याचाच फ्यूज घाला आणि पेडल दाबून ठेवलेलं असताना डिकी दहा वेळा उघडझाप करून बघा.