मुलांच्या सात दिवसांच्या हालचालीची नोंद कशी घ्यावी

शाळेत खेळाचा उपक्रम सुरू केल्यावर मुले खरोखर अधिक हालचाल करू लागली की नाही, हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आणि क्रीडाशिक्षकांना मोजून पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल हवी. ती मोजण्यासाठी प्रश्नावली पुरेशी असते, असे अनेक जण सांगतात. दहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हा सल्ला मानू नये. आठ वर्षांच्या मुलाला ‘काल किती वेळ खेळलास’ असे विचारले तर ‘खूप’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्या उत्तराची मिनिटे होत नाहीत. त्याऐवजी कमरेला बांधायचे, शरीराची हालचाल आकड्यांत नोंदवणारे ॲक्सिलरोमीटर नावाचे लहानसे यंत्र वापरावे.

एथिक्स कमिटीची मान्यता आणि पालकांचे लेखी संमतीपत्र घ्यावे. त्याखेरीज ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी सहमतीही घ्यावी. परीक्षा, गणपती, दिवाळी आणि मुसळधार पावसाचे आठवडे टाळावेत. मात्र निवडलेल्या सात दिवसांत शनिवार आणि रविवार आलेच पाहिजेत, कारण शाळेच्या दिवशी शांत बसणारे मूल सुटीच्या दिवशी दिवसभर अंगणात असू शकते, आणि याच्या नेमके उलटही घडते.

यंत्राची मांडणी करताना नोंदीचा कालखंड, म्हणजे जेवढ्या वेळातली हालचाल यंत्र एका आकड्यात नोंदवते तो वेळ, १५ सेकंदांचा ठेवावा. मोठ्या माणसांसाठी चालणारा ६० सेकंदांचा कालखंड मुलांना लावणे ही चूक मी आजही प्रबंधांमध्ये पाहतो. १९९५ साली बेली आणि सहकाऱ्यांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले, तेव्हा त्यांच्या तीव्र हालचालीचा मध्यक कालावधी अवघा ३ सेकंद आढळला. मूल धावते, थबकते, पुन्हा धावते. मिनिटाच्या सरासरीत ते धावणे विरून जाते.

यंत्र उजव्या कमरेच्या हाडावर, इलॅस्टिकच्या पट्ट्याने, घट्ट पण न काचेल असे बांधावे. फ्रॉक घालणाऱ्या मुलींना ते आतून बांधावे.

खरी कसोटी यापुढे आहे, आणि ती म्हणजे यंत्र दिवसभर अंगावर राहणे. माझ्या सुरुवातीच्या एका अभ्यासात चौथीतला एक मुलगा रोज संध्याकाळी दीड तास पूर्ण निश्चल दिसत होता. मी त्याला ‘बैठ्या’ गटात टाकले आणि त्याच्या पालकांना चिंतेचा सूर असलेले पत्रही लिहिले. त्याची आई भेटायला आली तेव्हा उलगडा झाला, की त्या दीड तासात तो कबड्डी खेळत असे आणि महागडे यंत्र मोडू नये म्हणून तीच ते काढून कपाटात ठेवत असे. त्याच्या दिवसातला सर्वांत धडधडीचा वेळ माझ्या तक्त्यात शून्य झाला होता. त्या माऊलीचा यात काही दोष नव्हता. ‘यंत्र जपा’ असे मीच तिला बजावले होते.

तेव्हापासून मी पालकांना ‘जपा’ हा शब्द उच्चारत नाही. सभेत त्यांच्यासमोर यंत्र बांधून स्वतः उड्या मारून दाखवतो आणि ते खेळासाठीच बांधायचे आहे, मोडले तर भरपाई मागितली जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगतो. आंघोळ, पोहणे आणि झोप एवढ्याच वेळी ते काढावे. वर्गशिक्षिकेलाही आधी भेटावे, नाहीतर पीटीच्या तासाला ते काढून टेबलावर ठेवले जाते. रोज सकाळी शाळेच्या दारात प्रत्येकाच्या कमरेकडे पाहावे. फोनवर चौकशी केल्यास ‘हो, बांधले आहे’ हेच उत्तर मिळते. पहिल्या दोन दिवसांनंतर मुलांचा उत्साह ओसरतो आणि तिसऱ्या दिवशी यंत्र उशीखाली राहून जाते, म्हणून त्या दिवशी जातीने हजर राहावे. धाकट्या भावंडाला पट्टा बांधून दिल्याचेही मी पाहिले आहे. त्यावर रागावू नये. तो दिवस वगळावा.

सोबत एक पानाची डायरी द्यावी आणि तिच्यात तीनच रकाने ठेवावेत: केव्हा काढले, केव्हा घातले, कशासाठी. ती आईने किंवा मोठ्या ताईने भरावी. रकाने वाढवले की डायरी कोरी परत येते.

आठव्या दिवशी यंत्रे गोळा करून नोंदी उतरवून घ्याव्यात. यंत्र अंगावर नव्हते असे केव्हा मानायचे, हा नियम आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावा. सलग २० मिनिटे शून्य नोंद म्हणजे यंत्र काढलेले, असे काही अभ्यास धरतात. मी ६० मिनिटांची मर्यादा धरतो, कारण गोष्ट ऐकण्यात किंवा टीव्हीत रमलेले मूल २० मिनिटे न हलता बसू शकते. प्रत्येक लांब शून्य डायरीशी ताडून पाहावे. ‘कबड्डी’ असे लिहिलेले असेल तर तो वेळ बैठा धरू नये. किमान १० तास यंत्र अंगावर असलेले निदान चार दिवस, आणि त्यांत एक सुटीचा, एवढे असल्याशिवाय त्या मुलाचा निष्कर्ष काढू नये.

यंत्राचा आकडा कितीपासून मध्यम हालचाल मानायची, ती सीमा वय आणि यंत्र पाहून निवडावी. ॲक्टिग्राफ यंत्रासाठी इव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ५ ते ८ वर्षांच्या मुलांवर ठरवलेली, दर १५ सेकंदांना ५७४ ‘काउंट’ (यंत्र हालचाल ज्या एककात मोजते ते) ही सीमा मी वापरतो. अभ्यासाच्या मध्यावर सीमा बदलली तर आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांची तुलना करता येत नाही.

कमरेवरचे यंत्र सायकल चालवण्याचे श्रम फारच कमी नोंदवते. शाळेत सायकलने येणाऱ्या मुलांचा तो वेळ डायरीतून वेगळा काढावा आणि अहवालात वेगळाच दाखवावा. पालकांना पत्र लिहायचे असेल तर त्याआधी मुलाला समोर बसवून त्याचा आलेख दाखवावा आणि प्रत्येक सपाट रेषेपाशी ‘या वेळी तू कुठे होतास’ असे विचारावे.