माणसं घडवणाऱ्या केंद्राचा इतिहास कसा लिहावा

शिबिरं, निवासी वर्ग, कार्यकर्ता प्रशिक्षण अशी कामं करणाऱ्या संस्थेला पंचवीस वर्षं होत आली की स्मरणिकेची बैठक बसते. शुभेच्छा संदेश, अध्यक्षांचं मनोगत, भूमिपूजनाचा फोटो, देणगीदारांची यादी आणि शेवटी जाहिराती, हा साचा ठरलेला. पण अशा ठिकाणी जे घडतं ते माणसांनी एकमेकांना शिकवण्यातून आणि एकमेकांच्या भरवशावर पुढे येण्यातून घडतं. ते कागदावर आणायचं तर ‘कोण कोणामुळे आलं’ हा धागा पहिल्या पानापासून धरावा लागतो.

नमुना म्हणून अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं हायलँडर हे कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण केंद्र घेऊ. डेन्मार्कमधल्या लोकशाळा, म्हणजे प्रौढांच्या निवासी शाळा, पाहून आलेल्या मायल्स हॉर्टन यांनी डॉन वेस्ट यांच्याबरोबर १९३२ साली मॉन्टीगल गावाजवळ ते सुरू केलं. घर लिलियन जॉन्सन यांनी दिलं. आधी कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि १९५०च्या दशकात वंशभेदाविरुद्ध उभे राहिलेले लोक तिथे येत. डुलत्या खुर्च्या गोलात मांडायच्या आणि आलेल्यांनी आपापल्या गावची अडचण मांडायची, असा वर्ग चाले.

आधी तारखा सोडवा

प्रत्येक संस्थेच्या किमान तीन जन्मतारखा असतात: काम सुरू झालं ती, नोंदणी झाली ती आणि स्वतःची जागा मिळाली ती. स्मरणिकांमध्ये या तिन्ही एकमेकींत मिसळतात आणि मग रौप्यमहोत्सव कधीचा यावरून वाद होतो. रयत शिक्षण संस्थेचंच पाहा. सुरुवात १९१९ची, काले गावातली. साताऱ्याचं वसतिगृह १९२४चं. संस्था म्हणाल तर पहिलं वर्ष, बोर्डिंग म्हणाल तर दुसरं. तिन्ही तारखा एका कागदावर लिहून प्रत्येकीसमोर पुरावा काय आहे ते नोंदवा. पुरावा नसलेल्या तारखेपुढे ‘आठवण’ असं लिहा आणि पुढे जा.

जुन्या पत्रात तिथी आणि शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८८४चा चैत्र म्हणजे १९६२. माघातल्या पत्रात ७८ मिळवून वर्ष चुकवणं ही नेहमीची चूक. ‘अहवाल १९८५-८६’ असं असेल तर ते एप्रिल ते मार्च आहे की जून ते मे, हे आतल्या एखाद्या कार्यक्रमाच्या तारखेवरून ताडून पाहा.

कागद कुठे सापडतात

नोंदणी प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, इतिवृत्ताच्या वह्या, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल आधी जमवा. न्यास म्हणून नोंद असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा आणि बदल अर्जांच्या, म्हणजे चेंज रिपोर्टच्या, नकला काढा. विश्वस्त कधी आले, कधी गेले हे त्यातून कळतं. एक खबरदारी घ्या. कायद्याने बदल घडल्यापासून ९० दिवसांत अर्ज करायचा असतो, पण त्यावरचा आदेश वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो. आदेशाची तारीख म्हणजे विश्वस्त बदलल्याची तारीख नव्हे. ठरावाची तारीख घ्या.

खरा माल मात्र फुटकळ कागदांत असतो. शिबिराचे हजेरीपट, भोजनगृहाची वही, किराणा दुकानाची उधारी, एसटीच्या भाड्याची व्हाउचरं, पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही, पोस्टकार्डं. इतिवृत्तात ‘शिबिर यशस्वीरीत्या पार पडले’ एवढंच असतं. कोण कोणत्या गावाहून, कोणाबरोबर आलं हे प्रवासखर्चाच्या व्हाउचरवरून कळतं. तिकिटं एकाच तारखेची, एकाच गावची आणि सही एकाच्याच हातची असेल, तर तो माणूस बाकीच्यांना घेऊन आला होता असा अंदाज बांधा आणि मुलाखतीत विचारा. रद्दी काढण्याआधी हिशेबाची कपाटं नक्की उघडा. ‘आठ वर्षांपेक्षा जुनं फेकून द्या’ असं सांगणारा कोणीतरी प्रत्येक संस्थेत भेटतो.

माणूस-पत्रक

प्रत्येक नावासाठी एक ओळ, संगणकावर तक्ता करून. स्तंभ हे ठेवा: नाव, गाव, आल्याचं साल, कोणी आणलं, पहिलं काम कोणी सोपवलं, पुढे कोणाला आणलं, कधी आणि का गेले, पुरावा. ‘कोणी आणलं’ आणि ‘कोणाला आणलं’ हे दोन स्तंभ भरायला सर्वांत अवघड आहेत आणि सगळा इतिहास त्यांतच आहे.

हायलँडरचा एक धागा असा लावता येतो. सेप्टिमा क्लार्क या चार्ल्स्टनच्या शिक्षिका १९५४ साली तिथल्या कार्यशाळेला गेल्या. त्यांनी जॉन्स आयलंड या बेटावरचे ईसॉ जेन्किन्स यांना तिथे नेलं. जेन्किन्स बेटावरून शहरात कामाला जाणाऱ्यांची बस चालवत आणि वाटेत प्रवाशांना राज्यघटनेचे उतारे शिकवत, कारण दक्षिण कॅरोलिनात मतदार व्हायचं तर वाचून दाखवावं लागे. त्यांच्या बसमधल्या ॲलिस वाईन या बाईंना पाठांतर पुरेसं वाटेना; त्यांना वाचायलाच शिकायचं होतं. जानेवारी १९५७मध्ये बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला आल्या क्लार्क यांच्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन. त्या केशभूषेचं दुकान चालवत, शिक्षिका नव्हत्याच. त्यांची गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय बायका, त्यामुळे गोऱ्या मालकाने नोकरीवरून काढण्याची भीती त्यांना नव्हती. त्यांनी पहिल्या वर्गात १४ जणांना काय शिकायचंय ते विचारलं आणि त्याप्रमाणे नाव लिहिणं, मनीऑर्डरचा फॉर्म भरणं यापासून सुरुवात केली. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत पसरलेल्या नागरिकत्व शाळा, म्हणजे मतदार होण्यासाठी वाचायला-लिहायला शिकवणारे वर्ग, यातूनच निघाल्या.

दशकवार इतिहासात हे सगळं ‘१९५७ : जॉन्स आयलंड येथे साक्षरता वर्ग सुरू’ एवढ्या ओळीत आटोपलं असतं.

मराठी संस्थांत या तक्त्याला हमखास लागणारं ग्रहण म्हणजे नावं. शिबिरात आलेली मुलगी माहेरच्या नावाने, पाच वर्षांनी कार्यकर्ती म्हणून सासरच्या नावाने, आणि तिसऱ्या वहीत नुसतं ‘ताई’. तक्त्यात तिची तीन माणसं होतात आणि सर्वांत लांब धागा तिथेच तुटतो. म्हणून ‘इतर नावं’ असा स्तंभ पहिल्या दिवसापासून ठेवा. स्वयंपाकघर, कोठी, कार्यालय सांभाळणाऱ्यांचीही पत्रकं करा. साताऱ्याच्या बोर्डिंगसाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले हे सर्वांना ठाऊक आहे. पण बहुतेक संस्थांत असा भार उचललेल्या बायकांची नावं कार्यकारिणीच्या यादीत नसतात, म्हणून छापीलही होत नाहीत.

मुलाखती

कागद निम्मे वाचून झाल्याशिवाय मुलाखतींना बसू नका, पण वयोवृद्धांना थांबवूनही ठेवू नका; ऐंशीच्या पुढच्यांची भेट पहिल्या महिन्यातच घ्या. बैठक तास-दीड तासाची. मोबाइल विमान मोडवर, तोंडापासून फूट-दीड फुटावर, खाली मऊ कापड. पंखा बंद, खिडकी लावलेली, स्वयंपाकघरातला मिक्सर थांबवलेला. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं मोठ्याने म्हणा. एका तासाचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात. हा हिशेब न केल्यामुळे मुलाखती होतात आणि पेनड्राइव्हमध्ये पडून राहतात.

‘संस्थेविषयी आपल्या भावना सांगा’ म्हटलं की भाषण सुरू होतं. त्याऐवजी विचारा: पहिल्यांदा आलात तेव्हा कोणाबरोबर आलात? पहिल्या जेवणाला शेजारी कोण बसलं होतं? पहिलं काम कोणी दिलं, आणि ते बिघडलं तेव्हा कोण काय म्हणालं? कोणाशी मतभेद झाले? शक्य तिथे गुरू आणि शिष्य दोघांना वेगवेगळं भेटा, मग एकत्र. दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तिथे बऱ्याचदा महत्त्वाचं काहीतरी घडलेलं असतं.

मुलाखतींपैकी चौथा हिस्सा तरी संस्था सोडून गेलेल्यांच्या असू द्या. विश्वस्त मंडळाला हे आवडत नाही. तरी आग्रह धरा. राहिलेल्यांकडून संस्थेचं कौतुक कळतं, गेलेल्यांकडून नातं कुठे ताणलं गेलं ते. संमतिपत्र मराठीत, एका पानाचं आणि तीन पर्यायांचं करा: नावासह छापा, नावाशिवाय छापा, दहा वर्षं छापू नका. सही मुलाखतीनंतर घ्या, कारण काय बोललो हे माणसाला तेव्हाच माहीत असतं.

प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत एकट्या नायकाची गोष्ट तयार होते, तिथेही धागा शोधा. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत ते १ डिसेंबर १९५५ला, माँटगोमेरी शहरात. त्याच उन्हाळ्यात त्या हायलँडरच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या, ती सोय व्हर्जिनिया डर यांच्या खटपटीतून झाली होती, आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेचं सचिवपद त्या १९४३पासून सांभाळत होत्या. शिवणकाम करणारी एक बाई दमली होती म्हणून उठली नाही, ही लोकप्रिय गोष्ट या तीन तपशिलांपुढे टिकत नाही. त्याच वेळी ‘हायलँडरने रोझा पार्क्स घडवल्या’ असंही लिहू नका. बारा वर्षांचं काम त्यांच्या गाठीशी आधीच होतं. आपल्या केंद्राचं श्रेय फुगवणं ही घरच्या इतिहासकाराची सर्वांत सामान्य चूक आहे.

फोटो

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही. माहिती बॉलपेनने नको, मऊ शिसपेन्सिलीने लिहा: डावीकडून उजवीकडे नावं, ठिकाण, तारीख, आणि कोणी कशासाठी काढला. शेवटचा तपशील फालतू वाटतो, पण नाही. १९५७ साली हायलँडरच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला मार्टिन ल्यूथर किंग आले होते. जॉर्जिया राज्याच्या एका सरकारी आयोगाने पाठवलेल्या छायाचित्रकाराने श्रोत्यांत बसलेल्या किंग यांचा फोटो काढला आणि पुढे तोच ‘कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत किंग’ अशा मजकुरासह दक्षिणेत रस्तोरस्ती फलकांवर लागला. फोटो खरा होता. कोणी आणि कशासाठी काढला हे ठाऊक नसेल तर आजही कोणी त्याखाली तशीच ओळ घालील.

जपणूक

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, टाचण्या आणि स्टेपल काढून टाका. गंजाचा डाग जात नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून उंच, वाळवीसाठी. डिजिटल प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावात. मार्च २०१९मध्ये हायलँडरची कार्यालयाची इमारत जळाली आणि तिथले अनेक दशकांचे कागद गेले. जुन्या काळातला मोठा दस्तऐवज मात्र विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेकडे आधीच सुपूर्द केलेला होता, म्हणून तो वाचला. आपल्याकडे जवळचं विद्यापीठ किंवा जुनं ग्रंथालय विचारून पाहा. लेखी करार करा, नुसता शब्द नको.

लिहिताना

प्रकरणं अध्यक्षांच्या कारकिर्दींप्रमाणे पाडू नका. पाच-सहा धागे निवडा आणि एकेक शेवटपर्यंत न्या. कुंपणाशी थांबू नका. १९६१मध्ये टेनेसीने हायलँडरची सनद, म्हणजे संस्थेची सरकारी मान्यता, रद्द केली, मालमत्ता लिलावात गेली. संस्थेने दुसऱ्या नावाने नॉक्सव्हिलमध्ये काम सुरू केलं आणि पुढे न्यू मार्केटला गेली. नागरिकत्व शाळांचं काम मात्र त्याच वर्षी किंग यांच्या संघटनेकडे सोपवलं गेलं आणि सेप्टिमा क्लार्कही त्याबरोबर गेल्या. संस्थेपुरता इतिहास लिहिणाऱ्याला इथे प्रकरण संपलं असं वाटेल, पण काम सर्वांत जास्त पसरलं ते यानंतर.

प्रत्येक विधानाला दोन आधार हवेत, त्यांतला एक कागदी. वादाच्या प्रसंगी दोन्ही बाजू शेजारी-शेजारी छापा आणि निकाल देऊ नका. कच्चा मसुदा आठ-दहा जणांना वाचायला द्या, त्यांत दोघे सोडून गेलेले असावेत. दुरुस्त्या लेखी आणि पंधरा दिवसांत मागवा, नाहीतर दिवाळी उलटते. अंतिम शब्द एकाच संपादकाचा ठेवा.

शेवटी नामसूची द्याच. छपाई दोन टप्प्यांत करा: आधी शंभरेक प्रती, तीन महिने चुका गोळा करायला, मग उरलेल्या. सूचीत आपलं नाव नाही म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्हाला कोणी आणलं होतं?’ हे विचारा आणि तक्त्यात ओळ वाढवा.