जुनी इंग्रजी मातीची देवी विकत घेण्याआधी कशी तपासावी

विक्रेता मूर्ती नेहमी तोंडाकडून दाखवतो. तुम्ही आधी तिचं बूड बघायला मागा. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर असा किंवा लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, नियम हाच. रंगवलेला चेहरा कुणालाही नकलता येतो. जिथे गिऱ्हाईक बघणार नाही असं कारागिराने धरलं होतं, तिथेच खरं-खोटं सापडतं.

थोडी पार्श्वभूमी. इटलीतल्या हर्क्युलेनियम आणि पाँपेई या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांच्या उत्खननांनंतर इंग्लंडात ग्रीक-रोमन देवतांचं वेड पसरलं. श्रीमंतांनी संगमरवर घेतला. मध्यमवर्गासाठी स्टॅफर्डशर परगण्यातल्या बर्सलेम, हॅन्ली अशा गावांतून भाजलेल्या मातीच्या, रंगवलेल्या मूर्ती निघू लागल्या. त्यांचा बहराचा काळ ढोबळमानाने १७८० ते १८३०. उंची बहुतेकदा १५ ते ३० सेंटीमीटर.

पायरी १ : उलटी करा

अंगठ्या काढा, टेबलावर जाड टॉवेल पसरा. एक हात बुडाखाली, दुसरा पाठीला. हात, धनुष्य किंवा मागचं झाड धरून मूर्ती कधीही उचलू नका. हे भाग वेगळ्या साच्यात काढून ओल्या मातीने चिकटवलेले असतात आणि आधी तेच निखळतात.

बूड उघडं असेल तर आत टॉर्च मारा. त्या काळी मातीची चपटी पोळी प्लास्टरच्या साच्यात बोटांनी दाबून बसवत आणि दोन अर्धुकं जोडत. त्यामुळे आत बोटांचे दाब, जोडाची ओबडधोबड रेघ, कुठे जाड तर कुठे पातळ भिंत दिसते. नंतरच्या बहुतेक नकला पातळ चिखल साच्यात ओतून काढलेल्या. त्यांची भिंत सगळीकडे सारखी, आतला भाग बाहेरच्या घड्यांबरहुकूम खोल-उथळ, आणि हातात घेतली की मूर्ती हलकी लागते. बूड बंद असेल तर भोक बघा. जुन्या मूर्तीत ते बारीक, भट्टीत हवा निघण्यापुरतं. नकलेत चांगलं मोठं, कारण उरलेला चिखल त्यातूनच ओतून काढायचा असतो.

मग झीज. दोनशे वर्षं फळीवर उभी राहिलेली मूर्ती जिथे टेकते तिथेच झिजते. बुडाच्या खोलगट भागातही तपकिरी मळ एकसारखा चोपडलेला असेल, तर तो कुणीतरी मुद्दाम लावलाय. सर्वांगावर जाड, काळपट तड्यांचं जाळं हीसुद्धा नकलेची लाडकी युक्ती.

पायरी २ : निळा शोधा

१७७९ मध्ये स्टॅफर्डशरचा नामवंत कुंभार जोसाया वेजवुडने ‘पर्ल व्हाइट’ बाजारात आणलं. पिवळट झाक मारून पांढरेपणा यावा म्हणून झिलईत, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या थरात, किंचित कोबाल्ट. आपण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतो तसंच. याच धर्तीच्या ‘पर्लवेअर’ मातीत यातल्या पुष्कळ मूर्ती झाल्या. वस्त्राच्या चुण्यांत, बोटांच्या बेचक्यांत, चौथऱ्याच्या कोपऱ्यात झिलई साचते आणि तिथे फिकट निळा दिसतो. दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली नाही.

पायरी ३ : रंग वर की आत?

मूर्ती तिरकी धरा. निळा, गेरू-पिवळा, हिरवा, तपकिरी एवढेच रंग असतील आणि काचेखाली असल्यासारखे दिसत असतील, तर ते झिलईच्या आधी लावलेले. या कामाला ‘प्रॅट’ म्हणतात. भट्टीची पूर्ण आंच सोसणारे रंग मोजकेच, म्हणून छटा कमी. गुलाबी, लाल, फिरोजी दिसले तर ते झिलईवर लावून कमी आंचेवर पुन्हा भाजलेले मीनारंग. ते बोटाला जरा उंच लागतात आणि जुन्या मूर्तीत थोडेफार उडालेले असतात. एकही टवका नसेल तर मला तरी शंका येते. आरशासारखं चकाकणारं सोनेरी काम दिसलं तर वय कमी धरा; तो द्रव मुलामा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातला.

पायरी ४ : देवी ओळखा

कपाळावर चंद्रकोर, भाता, सोबत कुत्रा : डायाना. शिरस्त्राण, ढाल, घुबड : मिनर्व्हा. पायाशी डॉल्फिन : व्हीनस. मोर : जुनो. गव्हाची पेंढी : सेरीस. फुलं असतील तर फ्लोरा, जी मुंबईच्या आपल्या हुतात्मा चौकातल्या कारंज्यावर १९ व्या शतकापासून उभी आहे. हातातली वस्तू तुटली असेल तर ओळख अडते, आणि अशा वेळी दुरुस्त करणारे मनाला येईल ते हातात देतात. पेंढी घेतलेली डायाना भेटली तर हसू नका, किंमत पाडून मागा.

पायरी ५ : दुरुस्ती पकडा

नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत मान, मनगटं आणि बोटांवर फिरवा. नवा रंग नि डिंक आजूबाजूच्या झिलईहून वेगळे चमकतात. काही मुरलेले विक्रेते दात लावून बघतात : झिलई काचेसारखी टणक, रंगाचा थर मऊ. झिलईत शिसं असतं, तेव्हा हा प्रयोग त्यांच्यावरच सोडा. दुरुस्ती हा दोष नाही; ती लपवून पूर्ण किंमत मागणं हा आहे.

शिक्क्याचं काय?

बहुतेक खऱ्या मूर्तींवर शिक्का नसतोच. बर्सलेमच्या जॉन वॉल्टनचं नाव मूर्तीमागच्या पट्टीवर असतं, पण त्याचीही नक्कल झाली आहे. ‘इंग्लंड’ असा छाप सहसा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या जकात कायद्याने मालावर मूळ देश लिहिणं भाग पडलं. बर्सलेमच्याच विल्यम केंट कारखान्यात जुन्या धाटणीच्या मूर्ती १९६२ पर्यंत निघत होत्या. त्याही आता हौसेने घेतल्या जातात, फक्त किंमत केंटच्या मूर्तीची द्या, जुनीची नाही.

घरी आणल्यावर

पितळी देवांची पितांबरी, चिंच, लिंबू मूर्तीपासून लांब ठेवा. आंबट पदार्थ मीनारंग खातात. पाण्यात बुडवू नका, बुडाकडची उघडी माती पाणी ओढते आणि डाग झिलईखाली पसरतात. ब्लीच तर नकोच, त्याचे क्षार आत सुकून झिलई उखडतात. मऊ कुंचल्याने धूळ झाडा. फारच मळली असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला कापसाचा बोळा टवके नसलेल्या जागीच फिरवा.

पावतीवर अंदाजे काळ, दुरुस्ती आणि ‘जुनी’ की ‘जुन्या धाटणीची’ हे लिहून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधनं आहेत. मूर्ती परदेशातल्या नातेवाइकाला द्यायची असेल, तर बॅगेत भरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा.