फॉस्फेट किती?

मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला असताना ओपीडीत एक मावशी आल्या. चाळिशीच्या, चाल बदकासारखी. तीन वर्षं कंबर, मांड्या, बरगड्या दुखत होत्या. पिशवीत एक्स-रेंचा गठ्ठा. कुणी संधिवात म्हटलेलं, कुणी मणक्यात गॅप. मी व्हिटॅमिन डी तपासलं, 14 आलं. कारण सापडलं म्हणून खूश होऊन 60,000 युनिटच्या पुड्या लिहिल्या: आठवड्याला एक, आठ आठवडे. दोन महिन्यांनी डी 40 च्या वर गेलेलं, आणि मावशी मुलाचा हात धरून आत आल्या.

युनिटच्या मॅडमनी रिपोर्ट चाळून विचारलं, "फॉस्फेट किती?" मी कॅल्शियम सांगितलं. "ते नाही. फॉस्फेट." मी ते पाठवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलं 1.3. मोठ्या माणसात ते साधारण 2.5 ते 4.5 असतं.

हाडांच्या मेटाबॉलिक आजारांत नवीन माणूस इथेच फसतो. आपल्याकडे डी कमी असणारे ढिगाने सापडतात, त्यामुळे ते कमी दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण मिळालंच असं नाही. कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांतही बनणारं एंझाइम), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हॉर्मोन) आणि डी एकत्र समोर ठेवून वाचा. डीच्या कमतरतेने हाडं मऊ झाली असतील तर अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच चढलेलं असतं, फॉस्फेट उतरलेलं. कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वर असेल तर पॅराथायरॉइडकडे बघा. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं विरळ होतात तेव्हा, हे सगळं नॉर्मल येतं, निदान डेक्सावर (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) होतं. (लहान मुलांत अल्कलाइन फॉस्फटेज मुळातच जास्त असतं, वयाप्रमाणे रेंज न बघता मी एकदा धडधाकट पोराला मुडदूस ठरवून मोकळा झालो होतो.)

आणि पेशंटला उकिडवं बसवून उठायला सांगा. मावशींना हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. कंबरेच्या जुन्याच एक्स-रेत दोन्ही मांड्यांच्या हाडांच्या मानेशी, आतल्या कडेला, बारीक आडवी रेघ होती. तिला लूझर झोन म्हणतात, मऊ पडलेल्या हाडाची खूण. मी तो एक्स-रे पाहिला होता, पण फक्त मणके बघायला.

मग लघवीतून फॉस्फेट गळतंय का ते पाहिलं. गळत होतं. घरात कुणाला असा त्रास नाही, लहानपण धडधाकट, मूत्रपिंडातून फॉस्फेट गळवणारं टेनोफोव्हिरसारखं औषध चालू नाही. मॅडमनी चपला काढायला लावल्या. तळव्याला हरभऱ्याएवढी गाठ. "ते कुरूप आहे, जुनं," मावशी म्हणाल्या. गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनमध्ये (अशा लपलेल्या गाठी शोधणारा स्कॅन) नेमकी तीच जागा पेटली. ही गाठ एफजीएफ-23 नावाचं हॉर्मोन सोडते आणि मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकत राहतं. गाठ काढल्यावर आठवड्याच्या आत फॉस्फेट नॉर्मलला आलं. चाल सुधारायला मात्र कित्येक महिने गेले.

असं दुर्मिळ तुम्हाला रोज भेटणार नाही. रोज भेटेल ऑस्टिओपोरोसिस, आणि तिथे औषधापेक्षा ते कसं घ्यायचं हे सांगण्यात वेळ जातो. अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर; नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. चहावर सगळ्यात जास्त वाद होतो. झोलेड्रोनेट वर्षातून एकदा शिरेतून देतात, पण आधी डी आणि कॅल्शियम भरून काढा, नाहीतर कॅल्शियम धाडकन खाली येतं, क्रिएटिनिनही बघा. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी. ते मध्येच सोडलं तर मणके लागोपाठ फ्रॅक्चर होऊ शकतात, म्हणून पुढची तारीख पेशंटबरोबर आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये टाकून घ्या.

व्हिटॅमिन डीच्या पुड्यांचंही तसंच. वॉर्डात एक आजोबा आले: उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, अर्धवट गुंगीत. कॅल्शियम खूप चढलेलं, 13.8. सुनेने डबा उघडून दाखवला, त्यात रिकाम्या पुड्याच पुड्या. दोन महिने रोज एक, दुधातून, न चुकता. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं स्वच्छ लिहिलेलं होतं. इंग्रजीत.